पार्श्वभूमी : कुत्रा कोणाचा, हे नागपूरच्या दवाखान्यात कसे ठरते

नागपुरात जनावरांचा डॉक्टर आधी आला तो बैलासाठी. राज्य पुनर्रचनेपूर्वी हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होते, पण पशुवैद्यकीचे शिक्षण १९४८ पासून मिळत होते ते जबलपूरला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, जबलपूर पलीकडे राहिले आणि १९५८ मध्ये नागपूरला स्वतःचे महाविद्यालय मिळाले. त्या काळी डॉक्टरला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असे : पेरणीपर्यंत उभा राहील का? त्यात माया नव्हती असे कोणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकणाऱ्याला त्याचे दुखणे डॉक्टरच्या आधी कळत असे. तरी निर्णय शेवटी कामाच्या हिशेबावर होई.

शहरात कुत्री-मांजरी दवाखान्यात येऊ लागली तेव्हा हा हिशेब गळून पडला. डिसेंबर २००० मध्ये पशुविज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ नागपुरात सुरू झाले आणि त्याच दशकात फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणे नेहमीचे झाले. २००३ मधल्या एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघरी पोहोचवला. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप टाकून अंग थंड करणे आधीच जड जाते, आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्माघाताने कोसळलेले पग घेऊन येणारी माणसे डॉक्टरांनी त्यानंतर कायमची पाहिली. आता विचारणा होते ती ‘त्याला दुखतंय का?’ अशी. विचारणाऱ्याला त्या प्राण्याकडून कसलेच उत्पन्न नसते.

इथे डॉक्टर आणि मालक यांचे नाते औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. प्राणी सांगू शकत नाही, म्हणून अर्धे निदान सोबतच्या माणसाच्या सांगण्यावर होते. जेवण कधीपासून सोडले, लघवी कॉफीसारखी झाली का, नाकातून रक्त आले का, एवढ्या उत्तरांवर गोचीड तापाचा संशय घेता येतो आणि रक्ततपासणीची दिशा ठरते. घाबरलेला मालक मात्र एक गोष्ट लपवतो : घरातली तापाची गोळी दिल्याचे. मांजरीला पॅरासिटामॉल जिवावर बेतते, कुत्र्याला आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात. रागावणाऱ्या डॉक्टरला हे कळत नाही. ज्याच्यासमोर माणूस न लाजता बोलतो, त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. कनवाळूपणा हा स्वभावाचा दागिना नाही, तो उपचाराचा भाग आहे, हे चांगले डॉक्टर अनुभवाने शिकले.

पण या सगळ्या नात्यात एक गृहीत धरलेले असते : ‘हा माझा आहे’ म्हणणारा कोणीतरी समोर उभा आहे. रस्त्यावरचे कुत्रे चादरीत गुंडाळून आणणारी मुलगी हे म्हणू शकते का? नागपुरात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढचे सारे त्याच्याभोवती फिरते.

कायद्यात याचे उत्तर जुनेच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातली मालकाची व्याख्या रुंद आहे. प्राणी ज्याच्या ताब्यात त्या वेळी आहे तोही मालक, मूळ मालकाची संमती असो वा नसो. त्याच कायद्याचे तिसरे कलम ज्याच्याकडे प्राण्याची देखभाल आहे अशा प्रत्येकावर त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकते. पावती, पट्टा, वंशावळ यांची अट तिथे नाही. चादरीत गुंडाळून आणण्याच्या त्या तासाभरापुरती ती मुलगी जबाबदार ठरते, आणि बहुतेक दवाखान्यांत केसपेपरवर तिचेच नाव लिहिले जाते. ही जबाबदारी दारातून बाहेर पडल्यावरही तिच्या मागे जाते का, यावर मात्र एकमत नव्हते.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती जावी असे सांगितले. नागपूर आणि परिसरात सार्वजनिक जागी, बागांत भटक्या कुत्र्यांना कोणी खायला घालू नये. ज्यांना घालायचे असेल त्यांनी कुत्रा आधी दत्तक घ्यावा, घरी आणावा, महापालिकेकडे नोंदवावा किंवा निवारागृहात ठेवावा, आणि मग माया करावी. मोडल्यास दर वेळी २०० रुपयांपर्यंत दंड. चावे आणि पाठलाग यांनी हैराण झालेल्यांची बाजू यामागे होती, आणि ती खोटी नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. २००४ च्या अखेरपर्यंत भारतात मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस चालू होती, आणि पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या भीतीला क्षुल्लक म्हणणे अन्याय होईल.

तरीही या आदेशाचा दवाखान्याकडून विचार केला तर घोटाळा लक्षात येतो. रोज पोळी घालणारा माणूसच कुत्र्याला हात लावू शकतो. लसीसाठी, नसबंदीसाठी, जखमेत अळ्या पडल्यावर तोच कुत्र्याला पकडून देतो. अनोळखी माणसाच्या हाती ते येत नाही. भरवण्याला दंड लावला तर डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा हा एकमेव दुवा तुटतो आणि लसीकरण मागे पडते, म्हणजे ज्या भीतीपोटी आदेश झाला तीच वाढते. शिवाय प्रत्येक कुत्रा दत्तक घेण्याची अट एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या, घरमालकाची परवानगी नसलेल्या माणसाला पाळणे शक्यच नाही, आणि रात्री दवाखान्याची बेल वाजवणाऱ्यांत अशी माणसे पुष्कळ असतात. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरवणाऱ्यांवर दत्तकाची सक्ती करणाऱ्या भागाला स्थगिती दिली आणि महापालिकेला खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितले. मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही अशा जागांची तरतूद झाली आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना परिसराचे प्राणी मानले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा कुत्री सरसकट उचलण्याचा आदेश आधी झाला. काही दिवसांतच मोठ्या पीठाने तो बदलला, लस व नसबंदी झालेली कुत्री, रेबीजग्रस्त आणि आक्रमक वगळता, मूळ जागी सोडायला सांगितली आणि ठरलेल्या जागीच खाऊ घालण्याची अट घातली. नागपूरचा वाद देशाचा झाला.

मालकीचा हा गुंता सर्वांत जड होतो तो दयामरणाच्या शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी. घरच्या कुत्र्यासाठी घरचे सही करतात. डॉक्टर त्यांच्याशी बोलतो, वेळ देतो, आणि जवळ थांबायचे असेल तर थांबू देतो. रस्त्यावरच्या कुत्र्याबाबत नियम आहे : ते असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी असले पाहिजे, तसे निदान प्राणी जन्म नियंत्रणावर देखरेख करणाऱ्या स्थानिक समितीने नेमलेल्यांनी केलेले असले पाहिजे, औषध पात्र पशुवैद्यकानेच द्यायचे, आणि तेही दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. नियम चांगला आहे. मात्र ट्रकखाली आलेल्या, पाठीचा कणा मोडलेल्या कुत्र्याजवळ रात्री अकराला बसलेल्या मुलाला समिती म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला समजावणे, तोवर वेदनाशामक देऊन प्राण्याला निदान शांत ठेवणे आणि सकाळी योग्य माणसांपर्यंत पोहोचवणे हे काम डॉक्टरकडेच येते. त्यासाठी बहुतेक वेळा फी आकारली जात नाही. माझ्या मते कायद्याने देखभाल करणाऱ्याला मालक मानलेच आहे, तर त्या मुलाच्या शब्दालाही या प्रक्रियेत जागा असायला हवी. सध्याच्या नियमांत ती नाही.