क्लिनिकलवालं एमए आणि आरसीआयवालं ट्रेनिंग : फॉर्म भरायच्या आधी फरक बघून घ्या

टीवायला सायकॉलॉजी घेतलेली पोरं दर उन्हाळ्यात हेच विचारतात, "ताई, एमए क्लिनिकल केलं की झालो ना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?" नाही ना. आणि कॉलेजवाले हे ॲडमिशनच्या वेळी आपणहून सांगतीलच असं नाही.

नाशिकची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली येतात, तिथलं एमए म्हणजे विद्यापीठाची डिग्री, क्लिनिकल हे त्यातलं स्पेशलायझेशन. थिअरी, प्रॅक्टिकलच्या टेस्टा, एखादी इंटर्नशिप. चांगलं शिकवलं तर पाया पक्का होतो, पुढे शाळेत काउन्सेलर, एचआर, एनजीओ, रिसर्च असं बरंच काही करता येतं, त्यामुळे याला कमी लेखायचं काही कारण नाही. फक्त दारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावायचा हक्क यातून मिळत नाही.

तो मिळतो आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमधून. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण हे सरळ लिहिलंय : आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतलं क्लिनिकलचं मान्यताप्राप्त शिक्षण, किंवा सायकॉलॉजीच्या एमएवर दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल, ज्यात देखरेखीखाली पेशंट बघणं आलंच पाहिजे आणि तेही आरसीआयमान्यच हवं. रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर आरसीआयच्या 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हजार रुपये ऐकून हसू येतं, पण कैद हा शब्दही तिथेच आहे.

वकिलीत एलएलबी आणि सनद वेगळी असते, थोडं तसंच. पण तिथे निदान सनदेसाठी परत दोन वर्षं शिकायला लागत नाही.

अभ्यासातही जमीन-अस्मानाचा फरक. एमफिलमध्ये दिवस वॉर्डात आणि ओपीडीत जातो, केस हिस्टरी घ्यायची, टेस्ट लावून रिपोर्ट लिहायचा, थेरपीचं रेकॉर्ड ठेवायचं, सुपरवायझर ते खोडून परत लिहायला लावणार, वर सायकियाट्री, न्यूरोचे पेपर आणि डेझर्टेशन. सीट मोजक्या. बंगळूरचं निमहान्स, रांचीचं सीआयपी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री), पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी, एंट्रन्स वेगळी. कॉलेजच्या एमएसारखं मेरिट लिस्ट बघून फी भरली की संपलं, असं इथे नसतं. एंट्रन्स नुसती पाठांतरावर निघेलही एखाद्याची, पण इंटरव्ह्यूत समोरचा एक केस सांगून विचारतो की हे डिप्रेशन कशावरून, बायपोलर का नाही, तिथे गाइडवाले बरोबर उघडे पडतात.

आता खरा गोंधळ पुढेच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं, क्लिनिकलसाठी यूजीसीने 2025-26 पर्यंतच्याच ॲडमिशनला मुभा दिली. त्यामुळे आरसीआयने स्वतःचेच नवे कोर्स आणले, त्यात एकाचं नाव, बसा आता, एमए क्लिनिकल सायकॉलॉजी! म्हणजे दोन पोरींच्या सर्टिफिकेटवर जवळपास सारखंच नाव असणार आणि एकीचा कोर्स आरसीआयकडे चालणार, दुसरीचा नाही.

त्यामुळे नावावर जाऊच नका. कॉलेज यूजीसीमान्य आहे, नॅकची ए ग्रेड आहे, हे सगळं खरं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, आरसीआयची मान्यता कॉलेजला नाही तर त्या-त्या कोर्सला असते, तीसुद्धा ठरावीक वर्षांपुरती आणि ठरावीक सीटपुरती. आरसीआयच्या साइटवर यादी असते, त्यात संस्था, तोच कोर्स आणि आपलं ॲडमिशनचं वर्ष तिन्ही जुळतंय का बघायचं. कॉलेजने "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" सांगितलं तर माझ्या मते नाही असंच समजायचं. आणि जुळत असलं तरी एक विचारून घ्या की या कोर्सवरून रजिस्टरमध्ये नोंद क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणूनच होते की दुसऱ्या कुठल्या हुद्द्याने.

आणि बाहेरून एमए करायचा विचार असेल, तर मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात असल्याने नाशिककरांना तो सहज सुचतोच, पण यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइनने शिकवणं थांबवलंय. कुणी एजंट अजूनही सीट आहे म्हणाला तर पैसे देऊ नका.