एकाहून अधिक गाड्यांनी सहलीला जाताना : फोनवरील लाइव्ह लोकेशनचा वापर

दोन-तीन गाड्या घेऊन कोकणात निघालेल्या मंडळींचा बराच वेळ "कुठपर्यंत पोहोचलात?" हे विचारण्यात जातो, आणि तो फोन पुष्कळदा गाडी चालवणाऱ्यालाच केला जातो. हे टाळता यावे म्हणून आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती देत आहोत. उदाहरणादाखल पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगाव आणि पुढे म्हसळ्यावरून दिवेआगर हा रस्ता घेतला आहे.

गाडीत जागा दाखवणारे यंत्र असतेच, मग फोन कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदलेल्या आमच्यासारख्या प्रवासी गाड्यांना असे यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. मात्र त्याची माहिती नियंत्रण केंद्राकडे जाते; मागच्या गाडीतील आपल्या नातेवाइकांना ती दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लोकेशनचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. सध्याचे लोकेशन पाठवले, तर त्या क्षणाची जागा जाते आणि गाडी पुढे गेली तरी ती खूण तिथेच राहते. लाइव्ह लोकेशन गाडीबरोबर सरकत राहते. त्यासाठी १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास यांपैकी एक मुदत निवडावी लागते. सकाळी सहाला घरातून निघतानाच ८ तासांचे लोकेशन सुरू केले, तर दुपारी दोनला ते आपोआप बंद होते, आणि नेमक्या त्याच वेळी जेवण आटोपून गाड्या पुन्हा रस्त्याला लागत असतात. म्हणून जेवणाच्या थांब्यावर ते नव्याने सुरू करावे. गूगल मॅप्समध्ये आपण बंद करेपर्यंत लोकेशन चालू ठेवण्याची सोय आहे आणि समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली आहे हेही तिथे दिसते. पण सगळ्या वयाच्या मंडळींना व्हॉट्सअ‍ॅप अधिक सवयीचे असल्याने आम्ही तेच सुचवतो.

सर्वांनीच लोकेशन पाठवण्याची गरज नाही. प्रत्येक गाडीतील एका प्रवाशाने पाठवावे, आणि शक्य असल्यास वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड असलेल्या दुसऱ्या एकाने फोन चार्ज करून तयारीत ठेवावा. लोकेशन पाठवणाऱ्या फोनवर बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर खूण मध्येच थांबू शकते. तेव्हा ती बंद करून फोन गाडीच्या चार्जरला जोडावा.

खरी कसोटी घाटात लागते. मुळशी मागे पडून ताम्हिणी जवळ आले की नेटवर्क तुटू लागते आणि विळ्याच्या बाजूला उतरेपर्यंत बऱ्याच ठिकाणी ते मिळतच नाही. फोनला स्वतःची जागा उपग्रहांवरून कळते, त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. पण ती जागा दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोहोचवण्यासाठी इंटरनेट लागते. त्यामुळे गाडी व्यवस्थित चालत असतानाही तिची खूण शेवटच्या ठिकाणी खिळून राहते, आणि धबधब्यापाशी फोटोसाठी थांबलेल्या गाडीची खूणही अगदी तशीच दिसते. दोहोंतला फरक ओळखायचा, तर खुणेच्या नावाखाली ती शेवटची कधी अद्ययावत झाली ते पाहावे. ती वेळ आत्ताची असेल, तर गाडी खरोखरच थांबली आहे. बरीच मागची असेल, तर केवळ संपर्क तुटला आहे, आणि अशा वेळी घाटात उलटे वळून शोधायला निघणे धोक्याचे असते, पावसाळ्यातल्या धुक्यात तर फारच.

यासाठी निघण्यापूर्वीच दोन जागा ठरवून घ्याव्यात, असा आमचा आग्रह आहे : घाट चढण्याआधी पौड आणि घाट उतरल्यावर माणगाव. पुढे गेलेल्या गाडीने माणगावात मुख्य चौकाच्या कोंडीत न थांबता थोडे बाजूला थांबावे आणि तिथून सध्याचे लोकेशन पाठवावे. मागची गाडी अर्धा तास उलटूनही आली नाही आणि फोनही लागत नसेल, तर आमच्या कार्यालयाला कळवावे. अपघाताची शंका असल्यास थेट ११२ वर फोन करावा. घाटात गाडी बंद पडली आणि इंटरनेट नसेल, तर साधा एसएमएस पाठवून पाहावा, कारण क्षीण नेटवर्कवरही तो कधीकधी जातो. त्यात शेवटी मागे पडलेले गाव आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा लिहावा.

आमचा चालक गाडी चालवताना फोन उचलणार नाही आणि नकाशावर इतर गाड्यांच्या खुणाही पाहणार नाही. चालवताना फोन हातात धरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आमचा नियम हाच राहिला असता. पुढची गाडी दिसत नाही म्हणून वेग वाढवण्याची विनंतीही कृपया करू नये. शेजारी बसलेल्या प्रवाशाने खुणा पाहून चालकाला सांगावे, एवढे पुरेसे आहे.

लोकेशन नेहमीच्या नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर न टाकता सहलीपुरता वेगळा ग्रुप करावा. घर बंद असल्याची वार्ता कारण नसताना दूरवर जाऊ नये, आणि आपण कुठे आहोत हे कोणाला कळावे, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे. कोणाची इच्छा नसेल, तर त्यांना भरीस पाडू नये. मुक्कामी पोहोचल्यावर मुदत उरली असली तरी लोकेशन हाताने बंद करावे.

प्रत्येक गाडीतून लोकेशन पाठवणाऱ्या प्रवाशाचे नाव व क्रमांक निघण्याच्या आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत आमच्या कार्यालयात कळवावा, म्हणजे चालकांना तो आधीच देता येईल.