वसाहतवाद व संस्कृतिसंपर्क : शालेय अध्यापन

एका समाजाने दुसऱ्याच्या भूमीवर सत्ता कशी बसवली आणि त्या संपर्कात दोघांचे काय झाले, हे मुलांना पुराव्यांवरून शिकवण्याची पद्धती. साधारणतः १० ते १४ वर्षांच्या मुलांना तीन-चार तासिकांत हा विषय शिकवता येतो.

नेहमीची चूक पहिल्याच वाक्यात होते : धडा जहाज किनाऱ्याला लागल्यावर सुरू होतो. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस उतरला त्या बेटाला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत, हे मग मुलांना कळतच नाही. म्हणून पहिली तासिका आगमनापूर्वीच्या शेतीला, बाजाराला, राज्यकारभाराला द्यावी.

पुढच्या तासिकेसाठी न्यूझीलंडमधील वाइतांगीचा करार (६ फेब्रुवारी १८४०) फार उपयोगी पडतो, कारण त्याचे दोन मसुदे जुळत नाहीत. इंग्रजी मसुद्यात माओरी (तिथले मूळ रहिवासी) प्रमुख ब्रिटिश राजसत्तेला सार्वभौमत्व देतात. माओरी मसुद्यात ‘कावानातांगा’, म्हणजे कारभार. हा शब्द ‘गव्हर्नर’वरूनच घडवलेला. उलट दुसऱ्या कलमात त्यांची जमिनी, गावे व मोलाच्या सर्व गोष्टींवरील सत्ता, ‘रांगातिरातांगा’, कायम राहते. चार-चार मुलांचे गट करून निम्म्या गटांना एका मसुद्याची, निम्म्या गटांना दुसऱ्याची सोपी भाषांतरे द्यावीत. दहा मिनिटांत प्रत्येक गटाने ‘काय दिले, काय राखले’ हे एका ओळीत लिहावे. ओळी फळ्यावर शेजारी-शेजारी मांडाव्यात. दोन मसुदे आहेत हे आधी सांगू नये. दोन्ही एकदम हाती पडले की मुले ‘बरोबर भाषांतर कोणते’ एवढेच शोधत बसतात. सुमारे ५०० प्रमुखांपैकी इंग्रजी मसुद्यावर फक्त ३९ जणांनी सही केली, ही माहिती फळा भरल्यावरच द्यावी.

‘देवाणघेवाण’ हा शब्द जपून वापरावा. बटाटा, मका, मिरची अमेरिकेतून. गहू, घोडा, देवी युरोपातून, अशी यादी केली की देवीची साथही एक वस्तू होऊन बसते. १५२० मध्ये ती तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीत (आजचे मेक्सिको सिटी) शिरली; १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले. स्पॅनिशांच्या बाजूने वेढा घालणाऱ्यांत बहुसंख्य त्लाश्कालासारख्या राज्यांचे स्थानिक सैनिक होते, हेही सांगायलाच हवे. नाहीतर ‘गोरे विरुद्ध स्थानिक’ असे खोटे चित्र उरते.

गुलामांचा लिलाव वा कत्तल वर्गात नाट्यरूपाने कधीही करू नये. ज्या मुलाच्या पूर्वजांनी ते सोसले, त्याच्यावर सर्वांदेखत तीच भूमिका येते. त्याऐवजी विक्रीचे कागद, नकाशे, अर्ज वाचून घ्यावेत.

शेवटची तासिका वर्तमानाची. ‘माओरी राहत असत’ असे वाक्य दिसले की तिथेच दुरुस्त करावे. १९७५ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि १९८५ पासून त्याला १८४० पर्यंत मागे जाऊन करारभंगाच्या माओरी तक्रारी ऐकता येऊ लागल्या.