रखडलेले स्टेडियम

रखडलेले स्टेडियम : फुटबॉल क्लबने जाहीर केलेले, नकाशा आणि रंगीत चित्रांसह लोकांना दाखवलेले, पण वर्षानुवर्षे उभेच न राहिलेले किंवा अर्धवट उभे असलेले नवे क्रीडागार. मराठीत अशा कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलण्यात ते नुसते ‘पेंडिंग’ असते. ज्या भागाचा सीमाप्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून चालू आहे आणि ज्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तिथल्या वाचकाला ‘रखडणे’ या क्रियापदाचा अर्थ सांगत बसायला नको. फुटबॉलमधले रखडणे मात्र जरा वेगळ्या जातीचे असते. त्यात पैसेवाला मालक असतो, हजारो गिऱ्हाईक तिकिटासाठी रांगेत असतात, तरी गाडे हलत नाही.

सिमेंट-सळईचे काम हा यातला सर्वांत सोपा भाग. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या एव्हर्टन क्लबने २०२१च्या उन्हाळ्यात ब्रॅम्ली-मूर गोदीवर काम सुरू केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ५३ हजार प्रेक्षकांच्या स्टेडियमात लीगचा पहिला सामना खेळला. म्हणजे बांधकामाला चार वर्षे. पण १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून दुसरीकडे जायचे, ही चर्चा एकोणीसशे नव्वदच्या दशकातली. मधल्या काळात किंग्ज डॉक या दुसऱ्या गोदीवरची योजना २००३ मध्ये कोसळली, कारण क्लबला आपल्या वाट्याची रक्कमच उभी करता आली नाही. मग शहराबाहेर कर्कबीला जायचे ठरले. ‘गावाबाहेर गेलो तर आमचा क्लब तो आमचा क्लब कसला’ म्हणून चाहत्यांतच दोन तट पडले आणि २००९ मध्ये सरकारने ती योजना नामंजूर केली. हिशेब केला तर विटा रचायला लागलेल्या वेळेच्या पाच-सहा पट वेळ कागदावर गेला. बहुतेक क्लबांचे गणित याच्या आसपासचेच असते.

मूळ गाठ : नव्या मैदानाचा पैसा बहुधा जुन्या मैदानाच्या जमिनीत अडकलेला असतो. जुने क्लब शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावाच्या कडेला वसले. गाव वाढत गेले, ती कडा शहराच्या पोटात आली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जुनी जागा बिल्डरला विकायची आणि त्या पैशात नवे बांधायचे, हे कागदावर सरळ दिसते. गल्लीतले वडिलार्जित घर विकून ‘बुडा’च्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटमध्ये बंगला बांधायला निघालेल्या भावांना विचारा ते किती सरळ आहे. गिऱ्हाईक म्हणते, मोकळा ताबा द्या. ताबा द्यायचा तर आधी नवे घर व्हायला हवे. नवे घर व्हायचे तर गिऱ्हाइकाचा पैसा हवा. आणि इतक्यात धाकटा भाऊ सही करायला नकार देतो.

ही गाठ नीट सुटल्याचे उदाहरण लंडनच्या आर्सेनलचे आहे. १९१३ पासूनचे हायबरी मैदान सोडून क्लब २००६ मध्ये हाकेच्या अंतरावरच्या नव्या स्टेडियमात गेला. जुन्या गॅलरींचे दर्शनी भाग वारसा म्हणून राखून आत फ्लॅट झाले आणि जिथे हिरवळ होती तिथे बाग आली. कर्जफेडीच्या काळात संघावर खर्च करताना हात आखडावा लागला, हे खरे. पण जागा हलली.

न सुटल्याचे उदाहरण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. १९२३ पासूनचे मेस्ताया हे त्यांचे मैदान गावातच, उभ्या चढणीच्या गॅलऱ्यांसाठी प्रसिद्ध. क्लबने ऑगस्ट २००७ मध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूला ‘नोउ मेस्ताया’चे काम सुरू केले. कल्पना ७५ हजार आसनांची. पैसा जुन्या जागेच्या विक्रीतून यायचा. त्याच सुमारास स्पेनमधला घरबांधणीचा फुगा फुटला. जमिनीला गिऱ्हाईक मिळेना, कर्ज डोक्यावर, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये काम थांबले. तोपर्यंत काँक्रीटचा कटोरा पुरा झाला होता. छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, मैदानात गवताऐवजी तण. तो सांगाडा जवळजवळ सोळा वर्षे रहदारीच्या रस्त्याकडेला तसाच उभा राहिला. मधल्या काळात क्लबचा मालक बदलला, आराखडे बदलले, आसनसंख्या कमी-जास्त झाली आणि प्रशासनाने दिलेल्या बांधकामाच्या खास सवलती मुदतीत काम न झाल्याने काढून घेतल्या गेल्या. संघ मात्र त्या सर्व काळात जुन्या मेस्तायातच खेळत राहिला, जे सोडायचे ठरले होते. जानेवारी २०२५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले; सुमारे ७० हजार आसने आणि २०२७चे लक्ष्य ठेवून. २००७ मध्ये पाया खणताना पाहिलेल्या पोराचे आता लग्नाचे वय झाले असेल.

जमीन कोणाची : दुसरा मोठा अडसर उताऱ्यावरच्या नावाचा. लंडनच्या चेल्सीचे स्टॅमफर्ड ब्रिज पाहा. एकदा मैदान बिल्डरच्या घशात जाता जाता वाचले, म्हणून १९९३ मध्ये चाहत्यांची ‘चेल्सी पिच ओनर्स’ ही संस्था निघाली आणि पुढे मैदानाची मालकी तिच्याकडे गेली. शेअर घेणारे साधे प्रेक्षक. २०११ मध्ये क्लबने ही मालकी परत विकत घ्यायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा लागणारी ७५ टक्के मते पडली नाहीत. दुनियेतल्या श्रीमंत मालकांपैकी एकाला आपल्याच मैदानाच्या जमिनीसाठी प्रेक्षकांपुढे हात पसरावे लागले आणि ते रिकामे परत आले. पुढे तिथल्या तिथेच ६० हजारांचे स्टेडियम बांधायला जानेवारी २०१७ मध्ये परवानगी मिळाली. तेवढ्यात शेजारच्या एका कुटुंबाने ‘आमच्या घराचा उजेड अडतो’ म्हणून कोर्ट गाठले. सामाईक भिंतीवरून, खिडकीवरून वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, तेव्हा यात नवल वाटायचे कारण नाही. तो तिढा नगरपरिषदेच्या हस्तक्षेपाने सुटला, पण मे २०१८ मध्ये क्लबनेच ‘गुंतवणुकीला वातावरण अनुकूल नाही’ म्हणत काम बाजूला ठेवले. मार्च २०२० मध्ये परवानगीची मुदत संपली आणि सगळे पुन्हा पहिल्या पानावर आले.

भारतात या प्रश्नाचा चेहरा निराळा. मोहन बागान, ईस्ट बंगाल यांसारख्या शतकभर जुन्या क्लबांची स्वतःची म्हणून ओळखली जाणारी मैदाने कोलकात्याच्या मैदान भागात आहेत. पण ती सगळी जमीन संरक्षण खात्याची. लष्कराच्या संमतीशिवाय पक्के बांधकाम करता येत नाही. म्हणून मोठे सामने राज्य सरकारच्या, १९८४ मध्ये खुल्या झालेल्या सॉल्ट लेक स्टेडियमात होतात. बेळगावच्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. इथला निम्मा मोकळा, सपाट, झाडांनी वेढलेला भाग कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे आहे, मैदाने तिथे आहेत, आणि कुंपणावर ‘संरक्षण भूमी’ची पाटी आहे.

परवानगी आणि वारसा : युरोपात जुने स्टेडियम पाडणे हे जुने देऊळ पाडण्याइतके नाजूक झाले आहे. मिलानमधले सान सिरो १९२६चे. तिथे खेळणाऱ्या ए.सी. मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांनी २०१९ मध्ये मिळून नवे बांधायचा प्रस्ताव दिला. स्टेडियम महापालिकेचे, त्यामुळे विषय सभागृहात गेला तो सहा वर्षे तिथेच घोळत राहिला. अखेर एका तारखेने सगळ्यांना पळायला लावले. स्टेडियमचा दुसरा मजला १९५५चा. त्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये सत्तर वर्षे होत होती, आणि ती झाली की वारसा कायद्याने तो पाडता आला नसता. सप्टेंबरच्या शेवटी रात्रभर चाललेल्या सभेत २४ विरुद्ध २० मतांनी विक्री मंजूर झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुदत उलटायला काही दिवस उरले असताना, १९ कोटी ७० लाख युरोंचे खरेदीखत झाले. रोममध्ये एवढेही साधले नाही. ए.एस. रोमाने २०१४ मध्ये तोर दि व्हाले इथली योजना मांडली आणि २०२१ मध्ये स्वतःच गुंडाळली. आता पिएत्रालाता या दुसऱ्या भागासाठी पहिल्यापासून कागद रंगवणे चालू आहे.

घोषणांची गंमत वेगळीच. लिव्हरपूल क्लब २००७ मध्ये विकत घेणाऱ्या दोघा अमेरिकी मालकांपैकी एकाने ६० दिवसांत कुदळ पडेल असे सांगितले होते. स्टॅन्ली पार्कमधले ते स्टेडियम कधीच झाले नाही. पुढच्या मालकांनी २०१२ मध्ये तो नाद सोडून जुन्या ॲनफिल्ड मैदानाच्याच गॅलऱ्या वाढवल्या, आणि माझ्या मते या सगळ्या गोतावळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच. त्यातही शेवटची गॅलरी उशिरा पुरी झाली, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदार कंपनीच बुडाली.

इमारत पुरी होऊनही उशीर होतो. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचे स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचे होते. सुरक्षा यंत्रणेतल्या दोषांमुळे एप्रिल २०१९ उजाडले, आणि तोवर संघ वेम्ब्ली या दुसऱ्या स्टेडियमात पाहुण्यासारखा राहिला. बार्सिलोनाने कॅम्प नोउच्या नूतनीकरणासाठी २०२३ मध्ये मैदान सोडले, नोव्हेंबर २०२४ मध्ये परतायचे ठरवले आणि परतले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही अर्ध्याहून कमी आसने खुली असताना.

सीमाभागात : इथे स्टेडियम रखडायचे तर आधी क्लबकडे जागा हवी; ती नाही. बेळगावचे फुटबॉल शाळा, गल्लीतली मंडळे आणि कॅम्प यांच्या जोरावर टिकले. १८५६ मध्ये सुरू झालेल्या सेंट पॉल्स हायस्कूलच्या मैदानावर फादर एडी स्मृती स्पर्धेत शाळेची पोरे पावसात, लाल चिखलात बूट माखून खेळतात. टिळकवाडीतल्या लेले मैदानावरही सामने होतात. संघ असतो, टी-शर्ट असतात, पाठीराखे असतात. पण सातबारा म्हणा की इकडची ‘आरटीसी’ म्हणा, त्यावर कुठल्याही संघाचे नाव नसते. मैदान महापालिकेचे, शाळेचे, ट्रस्टचे किंवा लष्कराचे. मग स्टेडियमची मागणी क्लब बांधकामाच्या अर्जाने करत नाही, आमदाराला निवेदन देऊन करतो.

शहरालगत जमीन मिळवणे हा तर वेगळाच अध्याय आहे. बेळगावचा पश्चिम-दक्षिण पट्टा भाताचा, भाजीचा. तीन-तीन पिके देणारी शेती. हालगा-मच्छे बायपाससाठी ही जमीन जायची म्हटल्यावर शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टात आणि बांधावर लढले. रस्त्यासाठी इतका झगडा, तर चेंडू खेळायला पंधरा-वीस एकर कोण सोडेल? सोडू नये असेही अनेकांचे म्हणणे आहे, आणि ते फुटबॉलप्रेमीलाही मनातून पटते, कारण तोही बहुधा त्याच कुणा शेतकऱ्याच्या घरातला असतो.

क्रिकेटने मात्र जागा मिळवली. ऑटोनगरमध्ये कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचे स्टेडियम आहे. मे २०१९ मध्ये तिथे भारत ‘अ’ विरुद्ध श्रीलंका ‘अ’ असा चार दिवसांचा सामना झाला. फरक खेळाच्या लोकप्रियतेइतकाच तिजोरीचा आहे. क्रिकेटच्या राज्य संघटनेकडे प्रक्षेपण हक्कांच्या पैशाचा वाटा येतो. फुटबॉलच्या जिल्हा संघटनेकडे येते ती स्पर्धेची प्रवेश फी.

त्यामुळे इथला शौकीन दोन दिशांना बघतो. निपाणी, चिक्कोडीकडचा कोल्हापूरकडे : तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. तालमीची माती आणि फुटबॉलचे गवत एकाच मंडळाच्या हिशेबात असणे, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटते. सीमाभागात कुणाला वाटत नाही. बेळगाव-खानापूरकडचा घाट उतरून गोव्याकडे : मडगावच्या फातोर्डा स्टेडियमात, जिथे १९८९ मध्ये नेहरू चषक आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. तेही एफसी गोवाचे स्वतःचे नव्हे, सरकारचे. आपल्या राज्याच्या राजधानीतला बेंगळुरू एफसी तरी कुठे घरचा? २०१४ पर्यंत तो अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमात, नंतर सरकारी कंठीरव स्टेडियमात खेळत आला. आणि तिथेही धावपट्टी वापरणाऱ्या ॲथलीटांशी मैदानावरून खटके उडाले.

भारतीय क्लब स्वतःचे स्टेडियम बांधण्याच्या फंदात का पडत नाहीत, याचे एक कारण २०२५ मध्ये उघड दिसले. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारा व्यापारी भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, तो पुढे कसा न्यायचा हे ठरेना, आणि इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचा २०२५-२६चा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. पुढच्या महिन्यात सामना आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याला तीस वर्षांच्या फेडीचे कर्ज कोणती बँक देईल?

बेळगावात तूर्त तरी स्टेडियम म्हणजे दोन बाजूंना दगडी पायऱ्या, एका बाजूला मंडप आणि चौथ्या बाजूला कंपाउंडची भिंत. भिंतीवर पोरे बसतात. पावसाची सर आली की सगळे मंडपात येतात, चुन्याच्या रेघा वाहून जातात, आणि सर थांबल्यावर कुणीतरी डबा घेऊन त्या पुन्हा मारून काढतो.