खड्ड्यातला अंतराळवीर आणि दारातली गाय

सप्टेंबर २०१९ मधले चार दिवस माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसले आहेत.

२ तारखेला बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांची एक चित्रफीत सगळीकडे फिरली. रात्रीची वेळ, पांढरा अंतराळवेश घातलेला एक माणूस, विवरांनी भरलेली जमीन, आणि तरंगत टाकावं तसं एकेक संथ पाऊल. बघणाऱ्याला वाटतं, चंद्रच. तेवढ्यात शेजारून रिक्षा जाते आणि कळतं, ही हेरोहळ्ळी भागातल्या तुंगानगरची सडक आहे. त्याच दिवशी दुपारी तिकडे वर चंद्रावर उतरायला निघालेला विक्रम लँडर चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरपासून, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या भागापासून, वेगळा झाला होता. चित्रफीत गाजली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेची माणसं खड्डे बुजवायला हजर झाली.

७ तारखेच्या पहाटे विक्रमशी संपर्क तुटला. चंद्राच्या पृष्ठभागापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, असं इस्रोने सांगितलं. त्या रात्री मीही जागी होते, आणि पडद्यावरची विक्रमच्या मार्गाची रेघ ठरल्या वाटेवरून ढळताना पाहून पोटात गोळा आला होता. ९ तारखेला नागपूर शहर पोलिसांनी ट्विटरवर लिहिलं, की प्रिय विक्रम, कृपया उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान फाडणार नाही. मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड १ सप्टेंबरपासून लागू झाले होते आणि घरोघरी त्याचीच चर्चा होती. देशभर लोक त्या ओळीवर हसले. त्या हसण्यात ओलावा होता. आपल्याच घरातलं पोर उशिरा रात्रीपर्यंत आलं नाही की त्याला हाक मारावी, तशी ती ओळ होती.

चौथा दिवस १८ तारखेचा. त्याच्यावर कोणी विनोद केला नाही. सर्वोच्च न्यायालयात एका वेगळ्याच प्रकरणाची सुनावणी चालू असताना गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांचा विषय निघाला. जगात कुठेही माणसांना मरायला गॅस चेंबरमध्ये पाठवत नाहीत, असं न्यायालयाने सुनावलं आणि त्यांना मुखवटे आणि प्राणवायूची नळकांडी का देत नाही, असं सरकारला विचारलं.

श्वास घेता येणार नाही अशा जागी माणसाला पाठवायचं तर आधी त्याच्या प्राणवायूची सोय करायची, ही अंतराळवेशामागची पहिली गोष्ट. गटारात उतरणाऱ्यासाठी तीच गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारावी लागली. तेव्हापासून मी ‘गरीब देशाला अवकाश कशाला हवं?’ या प्रश्नाचा आणि त्यावरच्या विनोदांचा माग काढते आहे.

हा प्रश्न मुळात भारताला विचारलेला नाही. तो विचारला गेला अमेरिकेत, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. अपोलो-११ उडायच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, रेव्हरंड राल्फ अबर्नथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांचा मोर्चा घेऊन फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राशी गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांची चळवळ अबर्नथींच्या खांद्यावर आली होती. मोर्चात खेचरांच्या गाड्या होत्या. दक्षिणेतल्या गरिबांचं वाहन म्हणून त्या मुद्दाम आणल्या होत्या. एका फलकावर हिशोब होता, की अंतराळवीराला जेवू घालायला दिवसाला १२ डॉलर लागतात, उपाशी मूल आम्ही ८ डॉलरमध्ये जेवू घालू. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः भेटायला आले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असं ते म्हणाले. मोर्चातल्या काही कुटुंबांना त्यांनी उड्डाण पाहायला आत बोलावलं.

या प्रसंगातली एक गोष्ट नेहमी गळून जाते. अबर्नथी यान थांबवा म्हणत नव्हते. त्या तीन अंतराळवीरांच्या धैर्याचं त्यांनी कौतुक केलं. मागणी एवढीच होती, की जे अवकाशासाठी जमतं ते भुकेल्यांसाठीही जमवा. गरिबी ज्याच्या घरात आहे तो माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा अर्थ असा असतो, आणि तो खराच आहे.

दुसऱ्यांनी विचारला की तो बदलतो. १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला. तिथले एक शिक्षक एडवर्ड मकुका एनकोलोसो आपला देश चंद्रावर आणि मंगळावर माणूस पाठवणार, असं सांगू लागले. तालमीसाठी ते पोरांना तेलाच्या पिंपात बसवून उतारावरून घरंगळत सोडत. परदेशी पत्रकार आले, चित्रीकरण करून गेले, आणि जग हसलं. ती जुनी फीत आजही लोक एकमेकांना पाठवून हसतात. हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला होता, त्याने मार खाल्ला होता, हे त्या फितीत नाही.

आपल्याकडची गोष्ट थुंब्याची. तिरुवनंतपुरमजवळचं हे कोळ्यांचं गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ येतं, म्हणून विक्रम साराभाईंनी ते निवडलं. गावकऱ्यांनी जागा सोडली, बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी सेंट मेरी मॅग्डलीन चर्च दिलं, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला नाइके-अपाची हे अमेरिकी रॉकेट तिथून उडालं. तिथल्या सुरुवातीच्या वर्षांतला रॉकेटचं टोक सायकलवरून नेतानाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. दुसरा तसाच प्रसिद्ध फोटो १९८१ चा, बैलगाडीत ठेवलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाचा. काहीजण तो अभिमानाने पाठवतात, काहीजण हसायला. दोघांनाही वाटतं, की बिचाऱ्यांकडे गाडीला पैसे नव्हते. खरं कारण वेगळं आहे. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती, ट्रकच्या लोखंडाने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून लाकडी गाडी आणली. बैलगाडी हा तिथे अभियांत्रिकीचा निर्णय होता. त्या फोटोकडे मी जितक्या वेळा बघते तितक्या वेळा मला त्या अभियंत्यांचा हेवा वाटतो. गावात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि ते वापरायची त्यांना लाज वाटली नाही.

साराभाईंनी या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. चंद्रावर जाण्याच्या स्पर्धेत श्रीमंत देशांशी बरोबरी करायचं स्वप्न आमचं नाही. माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणींसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात मात्र आम्ही कोणाच्या मागे असता कामा नये, असा त्याचा आशय. या उत्तराची सगळ्यात सुंदर परीक्षा ते गेल्यानंतर झाली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर रुंद ताटल्या बसवल्या होत्या. वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चालले. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान, असे कार्यक्रम असत. त्याच सुमाराला गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीजच्या छोट्या प्रक्षेपकावरून अहमदाबादच्या इस्रोच्या लोकांनी गावकऱ्यांना घेऊन कार्यक्रम केले, आणि त्यांत जातीभेद आणि पिळवणूक यांवर गावच्या बोलीत उघड बोललं गेलं. अवकाश खात्याने अस्पृश्यतेवर कार्यक्रम करावा, ही कल्पना आज कोणाला सुचेल का, मला शंका आहे. मला ती त्या खात्याची सगळ्यात मोठी उंची वाटते.

उत्तर पुढेही मिळत राहिलं. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. उपग्रहांची चित्रं, रडार, हवामान खात्याचा अचूक अंदाज आणि लाखो लोकांना वेळेत हलवणारी यंत्रणा, सगळ्यांचं ते श्रेय. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे सापडेल याची सूचना उपग्रहांच्या आधारे निघते आणि ती आपल्या कोकणातल्या, गोव्याच्या बंदरांवरही येते.

फायलिननंतर साडेतीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबर २०१३ ला, मंगळयान उडालं. खर्च सुमारे ४५० कोटी, वाट सुमारे ६५ कोटी किलोमीटरची. म्हणजे किलोमीटरमागे सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. हा हिशोब पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या भाषणात सांगितला आणि मग तो प्रत्येक फोनवर आला. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. यानाच्या ट्विटर खात्याने पहिलं वाक्य कोड्यात टाकलं, की लाल आहे, ग्रह आहे आणि मी ज्याच्याभोवती फिरतो ते काय? नासाच्या क्युरिऑसिटीने नमस्ते केलं. यानाने उलट विचारपूस केली आणि ‘संपर्कात राहा, मी इथेच आहे’ असं कळवलं. दोन यंत्रांचं शेजाऱ्यांसारखं ते बोलणं वाचून मी त्या दिवशी खूप हसले.

चार दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ते व्यंगचित्र आलं. सिंगापूरच्या हेंग किम सोंग यांनी काढलेलं. बंद दार, आत ‘एलिट स्पेस क्लब’ मध्ये सूट घातलेले दोन गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले, आणि बाहेर पागोटं घातलेला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतो आहे. वाचकांचा इतका संताप झाला, की वृत्तपत्राने माफी मागितली. अवकाश आता फक्त श्रीमंत देशांचं राहिलेलं नाही एवढंच सुचवायचं होतं, असा खुलासा केला. १५ फेब्रुवारी २०१७ ला इस्रोने एकाच रॉकेटमधून १०४ उपग्रह सोडले. त्यांतले ९६ अमेरिकी होते. मग आपल्याकडच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने तेच चित्र उलटं काढलं. आत भारतीय, दाराबाहेर उपग्रह घेऊन आलेले परदेशी. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा जुनं चित्र पुन्हा बाहेर निघालं आणि त्याच्या शेकडो नव्या आवृत्त्या झाल्या.

चीड मलाही आली होती, पण उलटवलेल्या चित्रांनी माझं समाधान झालं नाही. त्यांत क्लब तसाच राहिला, दारही तसंच राहिलं, फक्त खुर्च्या बदलल्या. पागोट्यातला शेतकरी मात्र नाहीसा झाला. पहिल्या चित्रकाराला तो हसण्यापुरता हवा होता. आपल्याला तो नकोसाच झाला, कारण त्याच्याकडे पाहून लोक आपल्याला हसले होते. तुंगानगरच्या खड्ड्यातला अंतराळवीर मला म्हणूनच जवळचा वाटतो. तो आपल्याच रस्त्यावर उभा राहून आपल्याच महापालिकेला विचारत होता, आणि चांद्रयानाच्या आनंदातला कणभरही त्याने हिरावून घेतला नाही.

गटाराचा प्रश्नही तसाच आपल्या माणसांनी आपल्याला विचारलेला आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागला २७ मार्च २०१४ ला, मंगळयान वाटेवर असताना. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असा आदेश होता. २० ऑक्टोबर २०२३ ला, चांद्रयान-३ उतरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. चंद्रावर उतरलेल्या या नव्या विक्रमजवळच्या मातीत तोपर्यंत गंधक सापडलं होतं, आणि जमिनीखाली अवघ्या आठ सेंटिमीटरवर तापमान शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरतं, हेही कळलं होतं.

२०१८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या काही तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ नावाचं यंत्र त्याच शहरात चालवून दाखवलं. मॅनहोलच्या तोंडावर ते ठेवायचं, पाय पसरून ते आत उतरतं आणि गाळ बादलीत भरून वर आणतं. माणूस रस्त्यावर उभा राहून पडद्यावर बघत ते चालवतो. थुंबा त्याच शहराच्या काठावर आहे.