ऑफलोड बंद करायच्या आधी हे वाचा

ऑफलोड म्हणजे पॅकेटवरचं काम सीपीयूऐवजी नेटवर्क कार्डाकडे ढकलणं. लिनक्स मशीनमध्ये नेटवर्क कार्ड बसवून दिलं की थोड्याच दिवसांत एक मेसेज हमखास येतो, "टीसीपीडंपमध्ये चेकसम चुकीचा दिसतोय, कार्ड खराब आहे का?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "सगळे ऑफलोड बंद केले, चेकसम बरोबर आला पण स्पीड पडला, आता काय?" कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. सगळा वेळ जातो तो या दोन मेसेजच्या मधे जे केलं जातं ते शोधण्यात.

टीसीपीडंप म्हणजे पॅकेट पकडून दाखवणारं टूल, आणि पाठवणाऱ्या मशीनवर तो पॅकेट पकडतो ते कार्डाकडे जायच्या आधी. चेकसम म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते तपासायचा आकडा; त्याचा ऑफलोड चालू असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ती जागा अर्धवट भरून सोडून देतो, खरा आकडा कार्ड भरतं, म्हणजे तुम्ही बघताय ते अजून पूर्ण न झालेलं पॅकेट. तसंच एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) 1500 असताना 28960 बाइटचं पॅकेट दिसलं की लोक दचकतात, पण ती टीएसओची, म्हणजे तोडायचं काम कार्डाला देणाऱ्या ऑफलोडची करामत, 1448 बाइट डेटाचे 20 तुकडे कार्ड स्वतः पाडणार आहे. आणि हो, घेणाऱ्या मशीनवर बघितलंत तरी मोठीच दिसू शकतात, कारण तिकडे जीआरओ (आलेली पॅकेट जोडणारी कर्नलची सोय) आधी जोडतो आणि मग टीसीपीडंपला दाखवतो. वायरवर खरं काय गेलं ते बघायचंय तर स्विचचा मिरर पोर्ट (ट्रॅफिकची कॉपी देणारा) घ्या.

आता ते नेटवरून उचललेलं, टीएसओ, जीएसओ (तसंच तोडणं, पण कर्नलमध्ये), जीआरओ, चेकसम सगळं एका ओळीत ऑफ करणारं कमांड. 10 गिगाबिटला 1500 च्या एमटीयूने सेकंदाला 8 लाखांहून जास्त पॅकेट होतात, टीएसओ असेल तर कर्नल 64 केबीपर्यंतचा एकेक गठ्ठा खाली देतो, म्हणजे कर्नलच्या नेटवर्क स्टॅकमधून फेऱ्या चाळीसेक पटीने कमी. ते बंद केलंत की सगळा भार सीपीयूवर आणि मग आम्हाला "कार्ड स्लो आहे" म्हणून फोन. बरं, रीबूट केलं की ही सेटिंग उडते म्हणून लोक तेच कमांड स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवतात, पुढे माणूस बदलतो, कार्ड बदलतं, कमांड तिथंच बसलेलं असतं. आमचा इंजिनीअर आला की सगळ्यात आधी तीच फाइल शोधतो.

अगदी बंद करून बघायचंच असेल तर एकेक करा आणि इथटूल (या सेटिंग बघायचं-बदलायचं कमांड) खाली "अ‍ॅक्च्युअल चेंजेस" म्हणून जे छापतं ते वाचा. पाठवायचा चेकसम बंद केला तर टीएसओ आपोआप पडतो, चेकसम परत चालू केला की तोही परत येतो, पण टीएसओ तुम्ही स्वतः ऑफ केला असेल तर नाही येणार. इथटूलच्या यादीत "फिक्स्ड" लिहिलेलं असेल तिथं डोकं आपटू नका, तो ड्रायव्हर ती गोष्ट बदलूच देत नाही.

बंद ठेवायला रास्त जागा आहे ती एलआरओची (आलेली पॅकेट कार्डानेच जोडणं), राउटर किंवा ब्रिज असेल तर, कारण त्याने जोडलेली पॅकेट होती तशी परत तोडता येत नाहीत. फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स तो स्वतःच बंद करतो. जीआरओला ही भानगड नाही, तो राहू द्या.

काही जण विचारतात की कार्ड कंपनीचं स्वतःचं टूल असताना तुम्ही सगळं इथटूल, टीसी (ट्रॅफिकचे नियम लावायचं) आणि डेव्हलिंक (कार्डाच्या सेटिंगचं) या लिनक्सच्या कमांडनीच का करता. कारण सरळ आहे, कार्डाला काय जमतं ते ड्रायव्हर कर्नलला सांगतो आणि कर्नल सगळ्या कार्डांसाठी त्याच नावांनी दाखवतो, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलंत तरी आम्ही दिलेली स्क्रिप्ट बहुतेक तशीच चालते. प्रायव्हेट फ्लॅग (त्या-त्या ड्रायव्हरचे खास स्विच) आम्ही स्क्रिप्टमध्ये घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मात्र यादीत टीएसओ ऑन आहे म्हणजे व्हीएक्सलॅन टनेलमध्येही (एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून पाठवणं) तो चालेल असं नाही, त्याची ओळ वेगळी असते, ती बघा.

टीसी फ्लॉवरचे नियम (कुठल्या पॅकेटचं काय करायचं ते सांगणारे) कार्डात उतरवणाऱ्यांसाठी एवढंच: आधी इथटूलमध्ये एचडब्ल्यू-टीसी-ऑफलोड ऑन करा, आणि नियमाला स्किप-एसडब्ल्यू (सॉफ्टवेअरमध्ये नको, कार्डातच) लावा. तो नसेल तर कार्डाने नियम नाकारला तरी एरर येत नाही, सगळं गुपचूप सॉफ्टवेअरमध्ये चालत राहतं आणि तुम्हाला वाटतं ऑफलोड झालंय. नियम दाखवताना इन-एचडब्ल्यू (कार्डात उतरला) आलं का नॉट-इन-एचडब्ल्यू तेवढं बघायचं.

तिकीट टाकताना इथटूल लहान के (-k) चा पूर्ण आउटपुट, लहान आय (-i) चा ड्रायव्हर आणि फर्मवेअर व्हर्जन, आणि स्टार्टअपला चालणारी नेटवर्कची स्क्रिप्ट एवढं सोबत जोडा, बरीच तिकिटं मग फोनवरच मिटतात. नवीन कार्ड घेताय आणि टनेल किंवा फ्लॉवर वापरणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधीच विचारा, कुठल्या कार्डात काय फिक्स्ड आहे ते आमच्याकडे बसवून बघितलेलं असतं, सल्ल्याचे वेगळे पैसे घेत नाही.