मुंबई कौन्सिलातले पहिले लोकनियुक्त सभासद

मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल पहिल्यांदा भरलं ते २२ जानेवारी १८६२ रोजी, मुंबईच्या टाउन हॉलात. जगन्नाथ शंकरशेट त्यात होते, पण गव्हर्नरने नेमलेले. हे कौन्सिल ज्याने आणलं त्या १८६१च्या कायद्यात निवडणुकीला जागाच नव्हती. सभासदाने पुढ्यात आलेल्या विधेयकापुरतं बोलायचं. सरकारला प्रश्न विचारायचा हक्क नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग, दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसं तिथे बसली, तीही सरकारी नेमणुकीनेच.

१८८५मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत भरलं. कौन्सिलांत लोकांनी निवडलेले सभासद हवेत, ही मागणी तिथल्या ठरावांत होती. सात वर्षांनी, १८९२मध्ये, नवा कायदा आला. त्यात 'निवडणूक' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला होता. ठरावीक संस्थांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने त्या माणसाला नेमायचं, अशी ती आडवळणाची रीत. मुंबई महापालिका, विद्यापीठ, व्यापारी मंडळं, जिल्ह्यांतल्या म्युनिसिपालिट्या आणि ग्रामीण कारभार पाहणारी लोकल बोर्डं, दख्खनचे सरदार यांना हा मान मिळाला. शेतसारा भरणाऱ्या सामान्य कुणब्याला मत नव्हतंच. त्याचं गाऱ्हाणं मांडलं जाणार ते लोकल बोर्डाच्या सभासदांनी निवडलेल्या माणसाच्या तोंडून.

एवढ्याशा फटीतूनही माणसं मोठी आत आली. १८९३मध्ये महापालिकेने फिरोजशहा मेहतांना पाठवलं. १८९५मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी टिळकांना निवडलं. त्यांनी उभं राहू नये असं वाटणारे पुण्यातच कमी नव्हते, तरी ते आले आणि १८९७मध्ये पुन्हा निवडून गेले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली आणि जागा सोडावी लागली. १८९९च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले निवडून आले.

आता प्रश्न विचारता येत होते, अंदाजपत्रकावर बोलता येत होतं. पण त्यावर मतदान नव्हतं, उपप्रश्न नव्हता आणि बहुमत सरकारी सभासदांचंच होतं. या कौन्सिलाचं खरं दुखणं इथेच होतं, आणि ते १९०१मध्ये उघडं पडलं. शेतसाऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा त्याचा हक्क काढून घेता यावा, असं जमीन महसुलाचं विधेयक आलं. ऐन दुष्काळाच्या दिवसांत. गोखल्यांनी जीव तोडून विरोध केला. विनवण्या वाया गेल्या, तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद सभागृहातून उठून गेले. उरलेल्यांनी विधेयक मंजूर केलं.